“मी राहते ते घर” आणि हरवलेला “इन”

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलंय: “‘द हाऊस इन विच आय लिव्ह’ बरोबर की ‘द हाऊस विच आय लिव्ह इन’? आमचे सर म्हणतात, प्रिपोझिशनने वाक्य संपवायचं नाही. पण इंग्रजी मालिकांत सगळे सर्रास तसंच बोलतात. आणि खरं सांगायचं तर घाईत लिहिताना मी ‘द हाऊस विच आय लिव्ह’ एवढंच लिहून मोकळी होते. हे टाळायचं कसं?”

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. शेवटचा तुम्ही जरा ओशाळून विचारलाय, पण खरा प्रश्न तोच आहे. म्हणून आधी त्याचं उत्तर देते. ‘इन’ कुठे ठेवायचा ते नंतर पाहू. तो हातातून निसटतो का, हे आधी कळायला हवं.

पंचवीसेक वर्षं मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवतेय, मधली काही वर्षं भाषांतरंही तपासली. माझा अनुभव असा की वह्यांमध्ये प्रिपोझिशन चुकीच्या जागी सापडतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ते सापडतच नाही. “द कॉलेज विच आय स्टडीड.” “द बस विच आय वॉज वेटिंग.” “द टॉपिक विच वी वेअर टॉकिंग.” तीनही वाक्यांत ‘विच’ अगदी व्यवस्थित आहे, क्रियापदाचा काळही बरोबर आहे, आणि अनुक्रमे ‘इन’, ‘फॉर’ आणि ‘अबाउट’ गायब. (वर्गात फळ्यावर मी इंग्रजी वाक्यं पहिल्यांदा देवनागरीतच लिहिते. स्पेलिंगची धास्ती बाजूला झाली की मुलं वाक्याच्या सांगाड्याकडे बघतात. इथेही तसंच करते.)

असं होण्याचं कारण आळस नाही. कारण आपल्या मराठीत आहे.

मराठीत ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते. एक शाळेतली: “ज्या घरात मी राहते, ते घर जुनं आहे.” इथे ‘त’ हा प्रत्यय ‘घर’ला चिकटून समोर दिसतो. इंग्रजीतला ‘इन’ तोच. पण घरात, बाजारात, फोनवर आपण असं बोलतो का? आपण म्हणतो, “मी राहते ते घर जुनं आहे.” या वाक्यात ‘त’ शोधून दाखवा. नाही सापडणार. ‘राहते’ म्हटलं की घरात हे ऐकणाऱ्याला कळतंच, मग मराठी तो प्रत्यय सरळ गिळून टाकते. “तो काम करतो ती कंपनी”, “मी शिकले ती शाळा”, “आपण बोलत होतो तो विषय” या सगळ्यांत तेच. तुम्ही “द हाऊस विच आय लिव्ह” लिहिता तेव्हा मनात “मी राहते ते घर” असतं. तुमचं भाषांतर अगदी इमानदारीने झालेलं आहे, फक्त मूळ मराठी वाक्यातच ‘इन’ नव्हता.

हे स्वयंपाकघरात आणखी स्वच्छ दिसतं. बसायचा पाट. भाजी चिरायची सुरी. पाणी तापवायचं पातेलं. तिन्हीकडे एकच ‘-यचा, -यची, -यचं’. पण पाटाशी बसण्याचं नातं ‘वर’चं आहे, सुरीशी चिरण्याचं नातं ‘ने’चं आहे आणि पातेल्याशी तापवण्याचं नातं ‘त’चं. मराठीने तिन्ही नाती एका प्रत्ययात गुंडाळली आणि कुणाचं काही अडलं नाही. इंग्रजीला मात्र नातं उघड बोलून दाखवावं लागतं: “अ स्टूल टू सिट ऑन”, “अ नाइफ टू कट व्हेजिटेबल्स विथ”, “अ पॉट टू हीट वॉटर इन”. शेवटचा ‘ऑन’, ‘विथ’, ‘इन’ काढला तर इंग्रज माणसाच्या कानाला वाक्य लंगडं लागतं. स्टूलला बसायचं? सुरी चिरायची? पातेलं पाणी तापवायचं? (विळीला ‘ऑन’ लावायचा की ‘विथ’ यावर एकदा वर्गात मोठा वाद झाला होता. सुरी हलते, विळी हलत नाही, भाजीच तिच्यावर नेतात, म्हणून मी ‘ऑन’च्या बाजूने निकाल दिला. विदर्भातल्या एका मुलीला तो अजून मान्य नाही.)

म्हणून पहिली सवय अशी लावा: इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनातलं मराठी वाक्य “मी राहते ते घर” या रूपात न ठेवता “ज्या घरात मी राहते” या रूपात आणा. बोलताना जड वाटेल, पण ‘ज्या’ आला की प्रत्यय आपोआप बाहेर येतो. ज्या बसची वाट बघत होते. ज्या विषयाबद्दल बोलत होतो. जिच्याशी भांडले ती मैत्रीण. ज्याच्यावर विश्वास ठेवला तो माणूस. शाळेत जे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय म्हणून पाठ करायला लावलं, ते इथे पहिल्यांदा कामाला येतं.

मात्र यात एक धोका आहे. मराठी प्रत्यय तुम्हाला फक्त सांगतो की इथे काहीतरी हवं. काय हवं, ते इंग्रजी क्रियापद ठरवतं. ‘बसची वाट’ मधल्या ‘ची’चं भाषांतर ‘ऑफ’ केलंत तर गाडी घसरली. म्हणून दुसरी सवय: वाक्य तोडून दोन साधी वाक्यं करा.

समजा म्हणायचंय, “मी बसले होते ती खुर्ची मोडली.” दोन वाक्यं: “द चेअर ब्रोक.” “आय वॉज सिटिंग ऑन द चेअर.” दुसऱ्या साध्या वाक्यात ‘ऑन’ विसरणं जवळपास अशक्य आहे, कारण “आय वॉज सिटिंग द चेअर” आपल्याही कानाला खुपतं. आता दुसऱ्या वाक्यातल्या ‘द चेअर’च्या जागी ‘विच’ घाला: “आय वॉज सिटिंग ऑन विच”. मग एक तर ‘ऑन विच’ ही जोडी उचलून पुढे न्या, “द चेअर ऑन विच आय वॉज सिटिंग ब्रोक”, नाहीतर एकटा ‘विच’ पुढे न्या आणि ‘ऑन’ला आपल्या जागी राहू द्या, “द चेअर विच आय वॉज सिटिंग ऑन ब्रोक”. जोडी न्या किंवा एकट्याला न्या, पण दुसऱ्या वाक्यात जेवढे शब्द होते तेवढे हिशेबाला लागले पाहिजेत. किराणावाल्याची यादी जुळवतो तसं.

इथे मी वर्षानुवर्षं एक गंमत बघत आलेय. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यात ‘ऑन ब्रोक’ हे दोन शब्द शेजारी येतात. मुलगा ‘ऑन’ लिहितो, पुढे ‘ब्रोक’ येतो, “ऑन ब्रोक” असं काही नसतं हे त्याला माहीत असतं, आणि तो ‘ऑन’ खोडतो. मी वह्यांमध्ये अशा खाडाखोडी पाहिल्यात: आधी बरोबर लिहिलेलं, मग घाबरून पुसलेलं. अशा वेळी ‘ऑन’नंतर क्षणभर थांबून वाचा. ‘ऑन’ मागच्या खुर्चीचा आहे, पुढच्या ‘ब्रोक’शी त्याचा काही संबंध नाही.

आता क्रियापदांबद्दल. मराठीत ज्या क्रियापदांना काहीच लागत नाही आणि इंग्रजीत लागतं, तिथे सगळ्यात जास्त पडझड होते. गाणं ऐकतो, पण ‘लिसन टू’. किल्ली शोधतो, पण ‘लुक फॉर’. फोटो बघतो, पण ‘लुक ॲट’. चहा मागतो, पण ‘आस्क फॉर’. म्हणून “द साँग विच आय वॉज लिसनिंग” चूक, “द साँग आय वॉज लिसनिंग टू” बरोबर. याच्या उलट मराठीत काहीतरी लागतं आणि इंग्रजीत लागत नाही अशीही मंडळी आहेत: विषयावर चर्चा करतो, पण नुसतंच ‘डिस्कस’, खोलीत शिरतो, पण ‘एंटर’, कुणाशी लग्न करतो, पण ‘मॅरी’, कुणाशी संपर्क साधतो, पण ‘काँटॅक्ट’. इथे “ज्या विषयावर चर्चा केली” ही माझी युक्ती तुम्हाला फसवेल आणि तुम्ही “द टॉपिक ऑन विच वी डिस्कस्ड” लिहाल. बरोबर आहे ते “द टॉपिक विच वी डिस्कस्ड”. म्हणूनच दोन वाक्यांची चाचणी सोडायची नाही. “वी डिस्कस्ड द टॉपिक” हे ज्याला ठाऊक आहे तो फसत नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याचा प्रश्न रिलेटिव्ह प्रोनाउनचा (म्हणजे ‘विच’, ‘हूम’ अशा जोडणाऱ्या सर्वनामाचा, आपल्या ‘जो-जी-जे’चा) नाहीच, क्रियापद अर्धवट पाठ केल्याचा आहे. ‘वेट’ असं पाठ करू नका, ‘वेट फॉर’ असं करा. वहीत नवा शब्द लिहिताना त्याचा जोडीदार त्याच ओळीत लिहा.

थोडी सूट आहे, तीही सांगते, नाहीतर तुम्हाला इंग्रजी पुस्तकांत सापडेल आणि मला खोटं ठरवाल. दिवस, वेळ, वर्ष, रीत आणि कारण या शब्दांनंतर इंग्रजीही मराठीसारखीच प्रिपोझिशन गिळते. “द डे आय वॉज बॉर्न” म्हणजे “मी जन्मले तो दिवस”. “द वे शी स्पीक्स” म्हणजे “ती बोलते ती पद्धत”. “ऑन विच” किंवा “इन विच” घातलं तरी चालतं, नाही घातलं तरी चालतं. “द वे हाऊ” मात्र लिहू नका, ते आपल्याकडे फार ऐकू येतं.

आता तुमच्या सरांच्या नियमाकडे येऊ.

शेवटी प्रिपोझिशन येणं ही चूक, हा समज जुना आहे आणि त्याचा उगम बऱ्यापैकी माहीत आहे. १६७२ मध्ये जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सनच्या लेखनातले दोष काढले. त्यात एक दोष हा होता की जॉन्सनच्या ओळी प्रिपोझिशनवर संपतात. जॉन्सनला वारून तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती, त्यामुळे उत्तर द्यायला तो नव्हता. ड्रायडनने प्रामाणिकपणे हेही कबूल केलं की हा दोष त्याला स्वतःच्या लिखाणातही अलीकडेच दिसला. आणि पुढे १६८४ मध्ये स्वतःच्या जुन्या निबंधाची सुधारित आवृत्ती काढताना त्याने शेवटची प्रिपोझिशनं उचलून पुढे आणून ठेवली. लॅटिन हा त्या काळच्या विद्वानांचा आदर्श, आणि लॅटिनमध्ये प्रिपोझिशन अशी मागे राहूच शकत नाही.

नंतर १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने इंग्रजी व्याकरण लिहिलं. बंदी घातल्याचा आळ बहुतेक वेळा याच बिचाऱ्यावर येतो. प्रत्यक्षात त्याने एवढंच म्हटलं की प्रिपोझिशन आधी ठेवणं जास्त डौलदार, गंभीर लेखनाला शोभणारं; पण शेवटी ठेवणं ही आपल्या भाषेची ओढच आहे आणि रोजच्या बोलण्यात, घरगुती लेखनात ते छान शोभतं. हे सांगताना त्याने उपवाक्य संपवलं तेही “इन्क्लाइन्ड टू” असं! मुद्दाम केलं असावं असंच मला वाटतं. शाळामास्तरांनी पुढे त्यातला अर्धाच भाग उचलला. १९२६ मध्ये इंग्रजीच्या वापरावर प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या फाउलरने या नियमाला अंधश्रद्धा म्हटलं, आणि आज कुठलाही जाणकार इंग्रजी संपादक शेवटच्या प्रिपोझिशनला चूक म्हणणार नाही.

हा नियम आपल्याकडे इतका घट्ट का रुजला याबद्दल माझं एक मत आहे. मराठीतही प्रत्यय मागे टाकता येत नाही. “ज्या खुर्ची मी बसले वर” असं कुणी म्हणणार नाही. ‘वर’ खुर्चीला चिकटूनच हवा. त्यामुळे “ऑन विच” आपल्याला घरचं वाटतं आणि लोंबकळणारा ‘ऑन’ परका. नियम लॅटिनवाल्यांनी केला, पण तो आपल्या मराठी कानाला पटला.

तर उत्तर: दोन्ही बरोबर. “द हाऊस इन विच आय लिव्ह” हा इस्त्रीचा शर्ट, “द हाऊस आय लिव्ह इन” हा घरातला सदरा. अर्ज, अहवाल, निबंध यांत पहिला. बोलताना, मेसेजमध्ये, मुलाखतीच्या गप्पांत दुसरा, आणि तोही बहुतेक वेळा ‘विच’ गाळूनच. मुलाखतीत “द प्रोजेक्ट ऑन विच आय वर्क्ड” म्हणालात तर चूक नाही, पण पाठ करून आल्यासारखं वाटतं. “द प्रोजेक्ट आय वर्क्ड ऑन” म्हणा. अर्जात मात्र “द पोस्ट फॉर विच आय ॲम अप्लाइंग” शोभतं.

हा शेवटचा अर्ज मी सहज उदाहरण म्हणून घेतलेला नाही. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात मी “द पोस्ट विच आय ॲम अप्लाइंग” लिहिलं होतं, इंग्रजी शिकवण्याच्या जागेसाठी! नोकरी मिळाली नाही. मुलाखतीला बसलेल्या बाईंनी अर्ज परत देताना पेन्सिलीने ‘पोस्ट’ आणि ‘विच’च्या मधे एक बाण काढून ‘फॉर’ लिहिलेला होता, एक अक्षर न बोलता. तो कागद बरीच वर्षं मी जपून ठेवला होता.

आता जागेचे कडक नियम. हे खरोखर नियम आहेत, आवडीनिवडी नाहीत.

प्रिपोझिशन पुढे आणलीत तर तिच्यामागे फक्त ‘विच’, ‘हूम’ किंवा ‘हूज’ येऊ शकतं. वस्तूला ‘विच’, माणसाला ‘हूम’, आणि “ज्याच्या घरी”, “जिच्या मुलीशी” अशा ठिकाणी ‘हूज’: “माय आंट, इन हूज हाऊस आय ग्रू अप”. ‘दॅट’ कधीही नाही. “द हाऊस इन दॅट आय लिव्ह” ही चूक जर्मन शिकलेलेही करतात, आपणही करतो. ‘दॅट’ला पुढे प्रिपोझिशन सहन होत नाही, ‘दॅट’ वापरला तर तिला शेवटीच राहावं लागतं: “द हाऊस दॅट आय लिव्ह इन”. (“हा नियम त्यापेक्षा वेगळा आहे, कारण…” या अर्थाने “इन दॅट” दिसतो, तो ‘दॅट’ वेगळा. तो रिलेटिव्ह प्रोनाउन नाही, परीक्षेत गोंधळू नका.) ‘हू’चंही तसंच. “द मॅन टू हू आय स्पोक” नाही. “टू हूम” म्हणा, नाहीतर “द मॅन हू आय स्पोक टू” म्हणा. हे दुसरं आजच्या बोलण्यात पूर्ण चालतं, ‘हूम’ हळूहळू समारंभापुरता उरलाय.

सर्वनामच गाळलं तर प्रिपोझिशनला पुढे आणायची सोयच राहत नाही, ती शेवटी. आणि स्वल्पविरामाने तोडलेल्या जादा माहितीत ना ‘दॅट’ चालतं, ना गाळणं: “माय अंकल, विथ हूम आय स्टेड इन पुणे, हॅज रिटायर्ड.” मामा एकच आहेत, कोणते मामा हे सांगायचं नाहीये, पुण्यात राहिल्याची गोष्ट जाताजाता सांगितलीय. अशा वेळी ‘हूम’ किंवा ‘विच’ लागतंच.

काही वेळा जोडी पुढे नेणं सक्तीचं होतं. “द मीटिंग ड्युरिंग विच ही फेल अस्लीप” हे “द मीटिंग विच ही फेल अस्लीप ड्युरिंग” असं कुणी म्हणत नाही. “द एक्स्टेंट टू विच”, “द पॉइंट बियाँड विच”, “द सर्कमस्टान्सेस अंडर विच” हे तर ठोकळे आहेत, जसेच्या तसे पाठ करा. आणि अंतर फार पडलं तरी जोडी पुढे घ्या. ज्या अधिकाऱ्याकडे गेल्या महिन्यात सगळ्या कागदपत्रांसकट अर्ज दिला त्या अधिकाऱ्याचा ‘टू’ पंधरा शब्दांनंतर एकटा आला, तर वाचणारा तो कुणाचा हे विसरलेला असतो. इथे “द ऑफिसर टू हूम” म्हणणंच शहाणपणाचं.

याउलट जिथे पुढे नेता येत नाही ती म्हणजे क्रियापदाशी लग्न लागलेली प्रिपोझिशनं. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं. ‘आफ्टर’ इथे ‘नंतर’ राहिलेलाच नाही. “द चाइल्ड आफ्टर हूम शी लुक्स” म्हटलं तर मूल पुढे पळतंय आणि ती मागून बघतेय असं चित्र उभं राहतं. “द चाइल्ड शी लुक्स आफ्टर” म्हणा. ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘पुट अप विथ’ ही तीन शब्दांची कुटुंबं तर अजिबात फोडू नयेत. “इट्स अ डे आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू”, बस. तुमच्या सरांचा नियम काटेकोर पाळायचा म्हटलं तर या वाक्याचं काय करणार, हे त्यांना एकदा नम्रपणे विचारा.

‘जोडी पुढे नेणं’ याला भाषावैज्ञानिकांत एक मजेदार नाव आहे. १९६७ मध्ये जॉन रॉबर्ट रॉसने आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात त्याला ‘पाइड पायपिंग’ म्हटलं. हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट आपणही लहानपणी ऐकलीय. ‘विच’ हा पुंगीवाला, तो निघाला की ‘इन’, ‘ऑन’, ‘विथ’ त्याच्यामागे ओढले जातात. फरक इतकाच की इथे उंदीर पुंगीवाल्याच्या पुढे चालतो!

हरवण्याच्या उलट रोग म्हणजे दोनदा लिहिणं. “द हाऊस इन विच आय लिव्ह इन.” हा रोग हुशार मुलांना होतो. नियम आठवून ‘इन’ पुढे आणतात, आणि क्रियापदाशेजारचा काढायला विसरतात. खुर्ची एक, माणूस एक, दोन ‘ऑन’ कशाला? ‘व्हेअर’बरोबर तर हे फारच होतं: “द हाऊस व्हेअर आय लिव्ह इन”. ‘व्हेअर’ म्हणजेच ‘इन विच’, जसं आपलं ‘जिथे’ म्हणजे ‘ज्या ठिकाणी’. “जिथेत मी राहते” म्हणाल का?

इंग्रजीतही एके काळी आपल्यासारखे चिकटलेले शब्द होते. घराचं इंग्रजी खरेदीखत किंवा करारनामा हाती आला तर बघा: ‘व्हेअरइन’, ‘व्हेअरऑन’, ‘व्हेअरऑफ’, ‘व्हेअरबाय’. ज्यात, ज्यावर, ज्याचा, ज्यायोगे. अगदी मराठीचीच रचना, सर्वनाम पुढे आणि प्रत्यय मागे चिकटलेला. सह्यांच्या वर “इन विटनेस व्हेअरऑफ” येतं ते हेच. वकिलांनी ते सांभाळून ठेवलंय. ‘व्हेअरबाय’ सोडला तर बाकीचे तुम्ही स्वतः लिहायला जाऊ नका.

अजून एक गोष्ट, जी परीक्षेत हमखास विचारतात आणि भाषांतरात हमखास चुकते. “तिला तीन भाऊ आहेत, त्यातले दोघे नाशिकला असतात.” मराठीत स्वल्पविराम देऊन ‘त्यातले’ म्हटलं की झालं. मुलं तेच नेतात: “शी हॅज थ्री ब्रदर्स, टू ऑफ देम लिव्ह इन नाशिक.” इंग्रजीला हे चालत नाही, कारण ही दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने शिवलीत. एक तर मध्ये पूर्णविराम द्या, नाहीतर ‘देम’च्या जागी ‘हूम’ घाला: “टू ऑफ हूम लिव्ह इन नाशिक”. वस्तू असेल तर ‘ऑफ विच’: “आय बॉट टेन मँगोज, थ्री ऑफ विच वेअर रॉटन.” ‘सम ऑफ’, ‘मोस्ट ऑफ’, ‘नन ऑफ’, ‘बोथ ऑफ’ सगळ्यांना हाच न्याय.

‘हूएव्हर’चा सापळाही सांगून टाकते. “जो आधी येईल त्याला दे” याचं “गिव्ह इट टू हूएव्हर कम्स फर्स्ट”. ‘टू’ दिसला की ‘हूमेव्हर’ लिहिण्याचा मोह होतो. मराठी वाक्य बघा: ‘ला’ प्रत्यय ‘त्याला’ला आहे, ‘जो’ मोकळाच आहे. ‘टू’ पूर्ण तुकड्याला लागतो, ‘हूएव्हर’ला नाही, आणि त्या तुकड्यात येणारा तो स्वतः कर्ता आहे. इथे मराठी तुमच्या बाजूने उभी राहते, एकदा तरी!

परीक्षेच्या दृष्टीने शेवटचं. पर्यायांत ‘टू हूम’ आणि ‘हू… टू’ दोन्ही दिले असतील आणि एकच निवडायचा असेल, तर ‘टू हूम’वर खूण करा. तपासणारा नियमाचा माणूस असतो, त्याच्याशी त्या दिवशी वाद घालण्यात अर्थ नाही. चूक शोधा प्रकारात ‘विच’, ‘हूम’ किंवा ‘दॅट’ दिसला की पुढचं क्रियापद गाठा, त्याचं साधं वाक्य मनात म्हणा, आणि जोडीदार आहे का, एकच आहे का, योग्य आहे का ते बघा. “द मॅन विथ हूम शी गॉट मॅरिड वर्क्स इन अ बँक” यात जागा बरोबर आहे, ‘हूम’ बरोबर आहे, आणि तरीही वाक्य चूक आहे, कारण इंग्रजीत लग्न कुणा‘शी’ होत नाही, ‘टू’ होतं: “शी गॉट मॅरिड टू द मॅन”. असा प्रश्न आला की अर्धा वर्ग ‘नो एरर’वर खूण करतो.